पासपोर्टाची मुदत



आजचा विषय फलकावर वाचून काही मंडळींनी मला दारातच गाठले आणि विचारले, की पासपोर्टाच्या मुदतीवर तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय? दहा वर्षांनी मुदत संपते, अर्ज करावा, शुल्क भरावे, नवा घ्यावा, विषय संपला. प्रश्न रास्त आहे. पण तुमच्या घरच्या पेटीतले इतर कागद जरा डोळ्यांपुढे आणा. जन्माचा दाखला जन्मभर चालतो. आजोबांचे खरेदीखत शंभर वर्षांनीही कोर्टात उभे राहते. शाळा सोडल्याचा दाखला कधी शिळा होत नाही. मग ‘हा मनुष्य आमच्या देशाचा आहे’ असे जगाला सांगणाऱ्या कागदालाच तेवढी मुदत का? पासपोर्ट संपला त्या दिवशी काही नागरिकत्व संपत नाही. कागद झिजतो, चेहरा बदलतो, ही उत्तरे खरी आहेत, पण अर्धीच. ही मुदत कशातून जन्माला आली आणि ती तारीख आजवर कोणाकोणाच्या हाती राहिली, हे पाहिले म्हणजे उरलेले अर्धे उत्तर सापडते. ते शोधण्यासाठी थोडे लांबून यावे लागेल.

परवान्याची कल्पना जुनीच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा एक अधिकारी आहे. एक माषक घेऊन त्याने मुद्रा द्यावी. मुद्रा असेल त्याने जनपदात यावे-जावे. देशातलाच मनुष्य मुद्रेवाचून आला-गेला तर त्याला बारा पण दंड. खोटी मुद्रा दाखवली तर त्याहून मोठा, आणि खोटी मुद्रा दाखवणारा परदेशी असेल तर सर्वांत मोठा. रानावनातून आडवाटेने जाणाऱ्यांच्या मुद्रा विवीताध्यक्षाने, म्हणजे कुरणांवरच्या अधिकाऱ्याने तपासाव्या, इतका बारीक विचार त्यात आहे. शुल्क आहे, दंड आहे, तपासणीचे नाके आहे. पण त्या प्रकरणात मुदतीचा उल्लेख नाही. आला, दाखवली, गेला; मुद्रेचे काम तेथे झाले.

आपल्या किनाऱ्यावर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जो ‘कार्ताझ’ आणला, त्यात मुदत अप्रत्यक्ष रीतीने शिरली. हा कागद माणसाला नसे, गलबताला असे. गलबताचे नाव, तांडेलाचे नाव, शस्त्रे किती, कोणत्या बंदराला जाणार, हे त्यात लिहिलेले असे, आणि तो त्या सफरीपुरता चाले. पुन्हा जायचे तर पुन्हा पोर्तुगीजांच्या दारी. खरे म्हणजे अरबी समुद्र कोणाच्या बापाचा नव्हता; पण कार्ताझावाचून सापडलेले गलबत ते खुशाल पकडत, आणि म्हणून मोठमोठ्या सत्ताधीशांनाही तो घ्यावा लागे. अकबर बादशहाची आत्या गुलबदन बेगम १५७५ साली हजला निघाली, तेव्हा बादशाही घरातल्या त्या स्त्रियांचा काफिला पोर्तुगीजांच्या परवान्यासाठी सुरतेला कितीतरी महिने खोळंबला. दिल्ली-आग्र्यावर हुकूम चालवणाऱ्या बादशहाला समुद्रावर पाऊल टाकताना गोव्याकडे पाहावे लागत होते! पुढे कान्होजी आंग्रे यांनी कोकण किनाऱ्यावर स्वतःची दस्तके द्यायला सुरुवात केली आणि ती न घेणारी गलबते अडवली, तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचा म्हणून बदनाम केले. इंग्रजांचे दुखणे खरे तेथे होते. परवाना देणे हे मालकाचे काम, आणि आंग्र्यांनी ते काम आपल्याकडे घेतले होते. कार्ताझ काय, दस्तक काय, पुन्हापुन्हा घ्यावे लागते यातच देणाऱ्याचे वर्चस्व असते. एकदाच दिले आणि कायमचे चालले तर मालकाकडे पुन्हा येतो कोण?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. युरोपातल्या बहुतेक देशांनी आगगाड्यांच्या गर्दीपुढे हात टेकले आणि पासपोर्टाची सक्ती सोडून दिली. रशिया आणि तुर्कस्थान हे तेवढे अपवाद उरले. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसून न्यूयॉर्कला उतरल्या. त्या काळी अमेरिकेत पासपोर्टाची सक्तीच नव्हती. अठरा वर्षांच्या त्या मुलीला समाजाने, धर्माने आणि आप्तेष्टांनी हजार प्रश्न विचारले. सरकारने मात्र तिच्याकडे मुदतीचा कागद मागितला नाही.

पण सर्वांनाच हे सुख होते असे समजू नका. आपल्याच रत्नागिरीकडचे पुष्कळ लोक त्या शतकात करारबंद मजूर होऊन मुंबई बंदरातून मॉरिशसला गेले. त्यांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणूनच ओळखले जातात. या मजुरांना पाच वर्षांचा करार असे. तो पुरा करून मोकळा झालेला मनुष्यही खरा मोकळा नसे. १८६७ च्या तिथल्या कायद्याने त्याने आपला फोटो लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास सदैव जवळ ठेवायचा होता. नसला तर भटक्या म्हणून अटक. इंग्रज साहेबाच्या पासपोर्टावर फोटो चिकटला तो १९१५ मध्ये. उसाच्या मळ्यातल्या कोकणी कुळवाड्याच्या कागदावर तो जवळजवळ अर्धशतक आधीच चिकटला होता. बोटीच्या वरच्या वर्गात बसणारा कागदावाचून हिंडे, आणि तळाशी बसणाऱ्याच्या खिशात कागद नसला तर तो गुन्हेगार ठरे, असा तो मोकळेपणाचा काळ होता.

ही वाट १९१४ च्या ऑगस्टमध्ये बंद झाली. महायुद्ध पेटले आणि प्रत्येक देशाने आपली दारे लावून घेतली. कार्ल लोडी नावाचा एक जर्मन हेर एका खऱ्याखुऱ्या अमेरिकन प्रवाशाचा पासपोर्ट घेऊन इंग्लंडात हिंडला. त्या कागदावर फोटो नव्हता, म्हणून तो चालून गेला. लोडीला त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनच्या टॉवरमध्ये गोळी घातली गेली. १९१५ मध्ये इंग्रजांचा जो नवा पासपोर्ट निघाला, तो आठ घड्यांचा एकच कागद पुठ्ठ्यात बसवलेला होता. त्यात फोटो होता, सही होती, चेहऱ्याचे वर्णन होते. आणि मुदत होती दोन वर्षांची.

दोनच वर्षे का? चेहरा काही दोन वर्षांत बदलत नाही, कागदही फाटत नाही. पण युद्धकाळात सरकारला मनुष्य वारंवार आपल्यासमोर यायला हवा होता. तो अजून आपल्या बाजूचा आहे काय, सैन्यात जाण्याजोगा आहे काय, त्याची वागणूक कशी आहे, हे दर खेपेला नव्याने पाहायचे होते. मुदत म्हणजे त्या हजेरीची तारीख.

आणि हजेरी असमाधानकारक वाटली तर तारखेचीही वाट पाहायची गरज नसे. याचा अनुभव साऱ्या महाराष्ट्राने १९१८ मध्ये घेतला. होमरूलची मागणी इंग्लंडच्या जनतेपुढे मांडण्यासाठी लोकमान्य टिळक एक शिष्टमंडळ घेऊन निघाले. बरोबर नरसिंह चिंतामण केळकर, दादासाहेब करंदीकर, दादासाहेब खापर्डे आणि बंगालचे बिपिनचंद्र पाल होते. पासपोर्ट रीतसर मिळाले होते. मंडळी मार्चअखेर मुंबईहून निघाली, मद्रासमार्गे कोलंबोला पोचली, आणि बोटीत चढण्याऐवजी त्यांना कळले, की लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने त्यांचे पासपोर्ट रद्द केले आहेत. कागदावरची मुदत जशीच्या तशी होती. शाई वाळून काहीच आठवडे झाले होते. मंडळी परत आली. त्याच वर्षी सप्टेंबरात चिरोलवरच्या खटल्यासाठी टिळकांना पुन्हा पासपोर्ट द्यावा लागला, कारण स्वतःच्याच न्यायालयात चाललेल्या दाव्यातल्या फिर्यादीला अडवणे इंग्रजांना शोभले नसते. पण या खेपेला राजकीय चळवळीत भाग घेऊ नये अशी अट घातली होती. ती पुढे उठली. पासपोर्टाला तीन बाजूंनी वेसण घालता येते, हे टिळकांच्या दोन प्रवासांत दिसून आले: तारखेने, अटीने आणि तारेने आलेल्या हुकुमाने. तिन्ही दोऱ्या एकाच हातात होत्या.

युद्ध संपले. लोकांना वाटले, आता पूर्वीसारखे होईल. राष्ट्रसंघाने १९२० च्या ऑक्टोबरात पॅरिसला परिषद भरवली, तिच्यातही सूर तोच होता, की पासपोर्ट ही युद्धाने आणलेली आपत्ती आहे आणि केव्हातरी ती जायला हवी. मात्र तूर्त नको! तूर्त सर्वांनी एकसारखा पासपोर्ट काढावा असे ठरले: बत्तीस पानांची पुस्तिका, मजकूर फ्रेंच आणि आपापल्या भाषेत, आणि मुदत एका प्रवासापुरती किंवा दोन वर्षांची. १९२६ मध्ये जिनिव्हाला पुन्हा परिषद झाली. तिने सांगितले, दोन वर्षे ठेवा, पण शक्यतो पाच ठेवा. पाच वर्षांचा हा आकडा कोठून आला याचे फार गूढ शोधू नये. व्यापारी कंटाळले होते, बोटकंपन्या कंटाळल्या होत्या, आणि कचेरीतले कारकूनही कंटाळले होते. ‘तूर्त’ या शब्दाला मात्र शंभर वर्षे होऊन गेली, आणि ती पुस्तिका अजून आपल्या हातात आहे.

याच वर्षांत मुदतीचे दुसरे रूप दिसू लागले. रशियातील क्रांतीनंतर लाखो लोक देशोधडीला लागले आणि सोव्हिएत सरकारने त्यांचे नागरिकत्वच काढून घेतले. ज्याला देश नाही त्याला पासपोर्ट कोण देणार? नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन, एकेकाळी उत्तर ध्रुवाच्या बर्फात हिंडलेला हा संशोधक, यांनी राष्ट्रसंघाच्या वतीने १९२२ मध्ये अशा लोकांसाठी एक दाखला सुरू केला. पुढे पन्नासाहून अधिक देशांनी तो मानला. संगीतकार स्ट्राविन्स्की आणि चित्रकार शगाल यांनाही तो घ्यावा लागला होता. हा दाखला एक वर्ष चाले. आणि बाहेर गेलेल्या धारकाला, दाखला दिलेल्या देशात परत येण्याचा हक्क त्याने सुरुवातीला मिळत नसे. म्हणजे दर वर्षी नव्याने कोणाच्या तरी उंबऱ्यावर उभे राहायचे. ज्याच्या पाठीशी राष्ट्र नाही त्याची मुदत सर्वांत आखूड, हा नियम तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

आता १९३८ सालाकडे वळू. मुदतीच्या एका तारखेने काय होऊ शकते याचे त्याहून भयंकर उदाहरण मला माहीत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो.

त्या वर्षी मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात पोलंडचे नागरिक असलेले हजारो ज्यू राहत होते. कितीएक तर तेथेच जन्मलेले. पोलंड त्यांनी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. छळाला कंटाळून हे सारे आपल्याकडे येतील अशी धास्ती पोलंडच्या सरकारला पडली, आणि ३१ मार्चला तेथे कायदा झाला, की पाच वर्षांहून अधिक काळ परदेशी राहिलेल्याचे नागरिकत्व काढून घेता येईल. ऑक्टोबरात त्यापुढचे पाऊल पडले. परदेशातल्या पोलिश पासपोर्टांवर वकिलातीचा तपासणी-शिक्का हवा; ३० ऑक्टोबरपासून शिक्क्यावाचून पोलंडात प्रवेश नाही. पासपोर्टावर छापलेली मुदत काहीही असो, त्याची खरी मुदत आता तीच झाली. आणि ज्यांना आत घ्यायचेच नव्हते त्यांना शिक्का मिळण्याचीही फारशी आशा नव्हती.

त्याच महिन्यात जर्मनीने आपल्या देशातल्या ज्यूंचे सर्व जर्मन पासपोर्ट एका फर्मानाने निकामी ठरवले होते आणि लाल ‘जे’ अक्षर मारून घेतल्यावरच ते पुन्हा चालतील असे जाहीर केले होते. त्या अक्षराचा हेतू दुसऱ्या देशांच्या नाक्यावरील शिपायाला हा मनुष्य कोण ते लांबून कळावे एवढाच होता. असे हे सरकार पोलंडची ३० तारीख कशी विसरेल? तारीख उलटली की हे लोक कायमचे आपल्या गळ्यात पडतील, हे बर्लिनने हेरले. २८ ऑक्टोबरला आणि त्या रात्री जर्मनीभर धरपकड झाली. सुमारे सतरा हजार माणसे, म्हातारेकोतारे, मुलेबाळे, आगगाड्यांत भरून पोलंडच्या सरहद्दीवर नेली आणि रात्री-अपरात्री पलीकडे हाकलली. दोन सरकारांची ही शर्यत होती: एकाला तारखेआधी बाहेर ढकलायचे होते, दुसऱ्याला तारखेनंतर दार लावायचे होते. मधल्या दोन दिवसांत जे सापडले ते झ्बोंशिन नावाच्या सरहद्दीवरच्या गावात, तबेल्यांत आणि बराकींत महिनोन्‌महिने पडून राहिले.

या लोकांत हॅनोवरचा एक शिंपी होता, झेंडेल ग्रिन्श्पान. १९११ पासून तो जर्मनीत होता. त्याचा सतरा वर्षांचा मुलगा हेर्शेल पॅरिसमध्ये चुलत्याकडे लपून राहत होता. त्या पोराचे कागद पाहिले तर साऱ्या विषयाचा सारांश तेथेच मिळतो. जर्मनीत परतण्याचा त्याचा परवाना १९३७ च्या एप्रिलमध्ये संपला होता. पोलिश पासपोर्ट १९३८ च्या आरंभी संपला. फ्रान्सने राहण्याची परवानगी नाकारून ऑगस्टमध्ये त्याला देश सोडायला सांगितले. जायचे कोठे? तीन देशांच्या तीन तारखा उलटल्या होत्या, आणि पृथ्वीवर उभे राहण्याची कायदेशीर जागा त्याला उरली नव्हती. ३ नोव्हेंबरला बहिणीचे पत्र आले, घरच्यांना कसे हाकलले ते सांगणारे. ७ नोव्हेंबरला त्याने पिस्तूल विकत घेतले आणि पॅरिसच्या जर्मन वकिलातीत जाऊन फॉम राट नावाच्या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. तो ९ तारखेला मेला. त्या रात्री जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे आणि दुकाने जाळली-फोडली गेली. फुटलेल्या काचांवरून त्या रात्रीला नाव पडले. नाझींना निमित्तच हवे होते, ते दुसरेही मिळाले असते, हे खरे. पण मिळाले ते हे निमित्त, आणि त्याच्या मुळाशी पासपोर्टाच्या शिक्क्याची एक तारीख होती.

आपल्या देशातही अशा तारखांनी माणसे अडकली. कराची १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होती. मुंबई-कराची बोटीने जाणे म्हणजे गावाहून गावाला जाणे. फाळणी झाली, आणि १९४८ च्या जुलैत पश्चिम पाकिस्तानातून भारतात येणाऱ्यांसाठी परमिट सुरू झाले. १५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पासपोर्ट लागू झाला. भावाला भेटायला कराचीला गेलेला मनुष्य तात्पुरत्या परमिटावर परत येई. मुदत संपली की स्वतःच्या घरात तो परका ठरे. मी येथलाच, माझे वाडवडील येथलेच, हे म्हणणे ऐकायला कायद्यात जागा नव्हती. १९४९ च्या कायद्याने, परमिटाचा भंग केल्याचा नुसता संशय आला तरी सरकार मनुष्याला उचलून सरहद्दीपार करू शके. १९५४ मध्ये मुंबई राज्याविरुद्धच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते कलम घटनाबाह्य ठरवले. नागरिक असेल तर नुसत्या संशयावरून त्याला त्याच्याच देशातून घालवता येणार नाही; परमिटाची मुदत एक आणि नागरिकत्व दुसरे, हे तेव्हा प्रथम ठासून सांगितले गेले.

एवढे झाले तरी बाहेर जाण्याचा प्रश्न लोंबकळतच होता. १९२० चा जो पासपोर्टाचा कायदा होता, तो देशात येण्यापुरता. (तो पुढे २०२५ मध्ये नव्या कायद्याने रद्द झाला, एकशेपाच वर्षे टिकला.) बाहेर जाणाऱ्याला पासपोर्ट कोणी, कोणत्या नियमाने, किती मुदतीचा द्यायचा, याला स्वातंत्र्यानंतर वीस वर्षे कायदाच नव्हता. सरकारची मर्जी, एवढाच नियम. पासपोर्ट ही सरकारची वस्तू आहे, परक्या सरकारला लिहिलेली शिफारस आहे. शिफारस कोणाची करावी हे आमचे आम्ही ठरवू, असा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ होता असे नाही. पण त्याचा परिणाम असा, की मुदत शिल्लक असलेला पासपोर्टही ‘परत करा’ असे दोन ओळींचे पत्र पाठवून मागवता येई. मुंबई, केरळ आणि म्हैसूर येथल्या उच्च न्यायालयांना हे पटले नाही. दिल्लीच्या न्यायालयाला पटले. अखेर दिल्लीच्या एका व्यापाऱ्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि १० एप्रिल १९६७ रोजी सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी तिघांच्या बहुमताचा निकाल वाचला. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. घटनेच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे कायद्यावाचून ते हिरावता येणार नाही. आणि असा कायदा तर अस्तित्वातच नाही. विरुद्ध मत देणाऱ्या दोघांत हिदायतुल्ला होते, जे पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. पासपोर्ट हा शासनाचा दस्तऐवज आहे ही बाजू त्यांनी सोडली नाही. सुब्बा राव यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला आणि ते राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. त्यावरून गदारोळ झाला तो वेगळा. निकाल मात्र राहिला.

सरकारची धावपळ उडाली. मे महिन्यात वटहुकूम निघाला आणि २४ जून १९६७ ला पासपोर्टाचा कायदा झाला. त्याचे सातवे कलम आपल्या विषयाचे आहे. पासपोर्टाची मुदत नियमांत ठरवलेली असेल. त्याहून कमी मुदतीचा पासपोर्ट दोनच परिस्थितींत देता येईल: अर्जदारालाच तसा हवा असेल तर, किंवा अधिकाऱ्याला तसे करणे योग्य वाटले तर. पण दुसऱ्या परिस्थितीत अधिकाऱ्याने आपली कारणे अर्जदाराला लेखी कळवली पाहिजेत. वाचायला हे किती नीरस आहे! पण १९१८ मध्ये कोलंबोच्या धक्क्यावर उभ्या राहिलेल्या मंडळींना असे एक कलम मिळाले असते तर त्यांनी त्याचे काय केले असते, याची कल्पना करून पाहा. पोर्तुगीजांच्या कप्तानापासून इंग्रजांच्या युद्धमंत्रिमंडळापर्यंत कोणालाही ‘का?’ असे लेखी सांगावे लागले नव्हते.

अर्थात् कलम आले म्हणून सवय जात नाही. मनेका गांधी यांना १ जून १९७६ रोजी पासपोर्ट मिळाला. पुढच्या वर्षी राज्य पालटले, आणि २ जुलै १९७७ चे पत्र आले, की जनहितासाठी तो जप्त केला आहे, सात दिवसांत परत करा. कारणे विचारली तर उत्तर मिळाले, की जनहितासाठीच ती सांगता येत नाहीत! आणीबाणीत ज्यांनी लोकांचे पासपोर्ट अडवले त्यांच्याच घरावर हा प्रसंग आला, म्हणून त्या वेळी पुष्कळांना गंमत वाटली. मला ती कधी वाटली नाही. २५ जानेवारी १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हक्क काढून घेण्याची पद्धत कायद्यात लिहिलेली असणे पुरेसे नाही. ती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे. तो निकाल आज सर्व प्रकारच्या हक्कांच्या खटल्यांत आधाराला घेतात. निघाला मात्र तो एका पासपोर्टातून.

आजची स्थिती बहुतेकांना ठाऊक आहे. प्रौढाचा साधा पासपोर्ट दहा वर्षांचा. अठराच्या आतल्या मुलाचा पाच वर्षांचा, किंवा अठरा पुरी होईपर्यंतचा, यांत जे आधी येईल ते. पंधरा ओलांडलेल्याला हवा तर दहा वर्षांचाही मिळतो. मुलाचा चेहरा लवकर बदलतो, तेव्हा येथे चेहऱ्याचे कारण खरेच लागू आहे. मध्यंतरी, विसाव्या शतकाच्या अखेरीस, आपल्याकडे वीस वर्षांचे पासपोर्टही दिले गेले होते, हाताने लिहिलेले. ज्यांनी ते घेतले त्यांना वाटले, आता म्हातारपणापर्यंत चिंता नाही. पण आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवले, की यंत्राला वाचता न येणारे पासपोर्ट २४ नोव्हेंबर २०१५ नंतर जगात कोठेही चालू राहू नयेत. वीस वर्षांतली उरलेली वर्षे तशीच विरून गेली. आपल्या सरकारने छापलेली तारीख येथे दिल्लीत नव्हे, माँट्रियालमध्ये बदलली.

दुसरा असाच अनुभव प्रवासाला निघालेल्या पुष्कळांना विमानतळावर येतो. पासपोर्ट चार महिने चालू आहे, तिकीट आहे, व्हिसा आहे, तरी कंपनीचा मनुष्य बोटीत, म्हणजे आता विमानात, चढू देत नाही. कारण त्या देशाला आगमनानंतर सहा महिने शिल्लक असलेला पासपोर्ट हवा असतो. युरोपातल्या शेंगेन देशांना परतीच्या दिवसानंतर तीन महिने उरलेले लागतात, आणि वर तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा लागतो. पाहुणा आजारी पडला, अडकला, तर त्याला परत घ्यायला त्याचे सरकार बांधलेले असावे, हा त्यातला हेतू. झ्बोंशिनची आठवण ज्यांना आहे त्यांना तो हेतू कोठून आला हे सांगायला नको. म्हणून दहा वर्षांचा पासपोर्ट व्यवहारात साडेनऊ वर्षांचाच धरावा, आणि परदेशी मुलाकडे जायचे असेल तर तारीख आधी पाहावी.

एक प्रकार उरला. ज्याच्यावर फौजदारी खटला चालू आहे त्याला पासपोर्ट नाकारता येतो. पण १९९३ च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या अधिसूचनेप्रमाणे न्यायालयाने परवानगी दिली तर मिळतो. न्यायालयाने मुदत सांगितली असेल तर तेवढी. सांगितली नसेल तर एक वर्ष. आपल्याकडे खटले किती वर्षे चालतात ते येथे बसलेल्या वकील मंडळींना विचारा. बांधाच्या भांडणात नाव आलेला, अजून दोषी न ठरलेला मनुष्य नोकरीसाठी आखाताला जायला निघतो, आणि त्याच्या हाती एक वर्षाचा पासपोर्ट पडतो. सहा महिन्यांचा नियम वजा केला तर उरले सहा महिने, आणि तेवढ्यावर त्याला दोन वर्षांचा करार कोण देणार? अशा मनुष्याने परवानगीचा अर्ज करतानाच किती मुदतीचा पासपोर्ट हवा तेही मागावे, आणि न्यायाधीशांच्या आदेशात तो आकडा लिहून घ्यावा. आदेशात आकडा नसला, की खिडकीवरचा कारकून अधिसूचना पुढे करतो, आणि त्याच्यापाशी दुसरा उपाय नसतो.